वाफेची मोटार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' हा विषय दिला होता. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला हाच विषय देणार, त्यांचं काही चुकलं नाही. पण त्याबद्दल तुमची मुलंच तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगतील. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी बोलणार आहे वाफेवर चालणाऱ्या मोटारीबद्दल.

हे वाक्य ऐकल्याबरोबर मधल्या रांगांमधली सात-आठ डोकी एकदम वर झाली, ती मला इथून दिसली. त्यांना आठवलंय. बाकीच्यांसाठी सांगते.

आम्ही आठवीत होतो. १९९१ सालच्या सुरुवातीचे दिवस, जनगणनेचं वर्ष. विज्ञानाच्या तासाला सर उष्णतेवर चालणारी इंजिनं शिकवत होते. त्यांनी फळ्यावर दोन रकाने पाडले. एकात लिहिलं बाह्यज्वलन, म्हणजे कोळसा बाहेर भट्टीत जळतो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ सिलिंडरात जाऊन दट्ट्या ढकलते. उदाहरण, आगगाडीचं इंजिन. दुसऱ्यात लिहिलं अंतर्ज्वलन, म्हणजे इंधन सिलिंडरच्या आतच जळतं. उदाहरण, मोटार. उदाहरणं एकेकच होती, आणि मला वाटलं जगातही एकेकच आहेत.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आमचा एक मित्र उठला. तो सहसा उठायचा नाही. म्हणाला, "सर, माह्या आज्याची मोटार वाफेवर चालत होती. तिच्यात कोळसा टाका लागे अन् पाणी बी टाका लागे."

मी पहिल्या बाकावर बसायचे. मी हात वर केला नाही, सरळ उभीच राहिले. "सर, मोटार वाफेवर चालूच शकत नाही. मोटार अंतर्ज्वलनात येते. आणि कोळसा टाकायचा असेल तर खाली रूळ लागतील." वर्ग हसला. कोणीतरी छोट्या लाईनच्या गाडीची शिट्टी वाजवली. ती कोणी वाजवली ते मला माहीत आहे, पण ते गृहस्थ आज संयोजन समितीत आहेत, तेव्हा जाऊ द्या.

सर मात्र हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "पाणी कुठं टाकायचे रे?" तो म्हणाला, "मांगच्या टाकीवर, थेंब थेंब." मी परत उभी. "थेंबानं वाफ किती होणार? आणि त्यानं मोटार किती चालणार?" पुन्हा हशा. सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला आणि त्याला म्हणाले, "आजोबांना नीट विचार. आकृती काढून आण." दुसऱ्या दिवसापासून सर जनगणनेच्या कामाला गेले. ते परत येईपर्यंत धडा संपला होता आणि आमच्या मित्राला 'वाफ्या' हे नाव पडलं होतं. नाव मी ठेवलं होतं. हे कदाचित तुम्हाला आठवत नसेल, कारण ते वापरलं सगळ्यांनी.

नववीत त्यानं शाळा सोडली. घरची अडचण होती, नावाचा काही संबंध नव्हता, असं तो आज म्हणतो. मला ते पटवून घ्यायला आवडतं. पण पटवून घ्यायला आवडतं म्हणूनच ते मी पूर्ण पटवून घेत नाही.

आता मध्ये वीस-बावीस वर्षं सोडा. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी अमेरिकेत बोस्टनजवळ पाठवलं होतं. ऑक्टोबरमधला रविवार होता. एका गावच्या मैदानात जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. मुलाला फुगा हवा होता म्हणून आम्ही थांबलो. एका गाडीभोवती गर्दी होती. लाकडी आऱ्यांची चाकं, वर कापडी टप, गोल नाकाचं बॉनेट. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसून, हातात पेटलेला टॉर्च, म्हणजे आपल्या वेल्डिंगवाल्याकडे असतो तसला, घेऊन बॉनेटच्या खाली काहीतरी तापवत होते. मला वाटलं गाडी बिघडली आहे. मी वाकून पाहिलं तर बॉनेटखाली इंजिन नव्हतं. बंब होता.

बंब म्हणजे अक्षरशः बंब. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असायचा ना, मधोमध धुराची नळी आणि भोवती पाणी, तसाच. फरक इतकाच की आपल्या बंबात नळी एक, आणि यात खालपासून वरपर्यंत शेकडो बारीक नळ्या. नळ्यांतून आगीचा गरम वायू वर जातो आणि नळ्यांच्या भोवतीचं पाणी उकळतं. नळ्या जितक्या जास्त तितकी पाण्याला आच लागायला जागा जास्त. बाहेरून त्या बंबाला पोलादी तार घट्ट गुंडाळलेली असते, पियानोत वापरतात ती. कारण आत वाफेचा दाब चौरस इंचाला पाचशे-सहाशे पौंड. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा दाब पंधराच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा.

ती स्टॅन्ली कंपनीची मोटार होती. शंभर वर्षांची. आणि वाफेवर चालणारी.

अर्ध्या तासानं दाबाचा काटा जागेवर आला. म्हाताऱ्यांनी मुलाला आणि मला मागच्या सीटवर बसवलं आणि चाकाजवळची एक लहानशी दांडी जराशी पुढे केली. गाडी निघाली. निघाली हे मला कळलं ते झाडं मागे जाऊ लागली तेव्हा. आवाज नाही, हादरा नाही. गिअर नाही, क्लच नाही. दोन सिलिंडरचं छोटं इंजिन मागच्या आसालाच जोडलेलं, चाक आणि दट्ट्या यांच्यामध्ये दुसरं काही नाहीच. पेट्रोलचं इंजिन थांबलं की ताकद शून्य, ते फिरतं ठेवावं लागतं, म्हणून क्लच आणि गिअरची सगळी खटपट. वाफेचं तसं नाही. वाफ दाराशी दाबून उभी असते, दार उघडलं की पहिल्या इंचापासून पूर्ण जोर.

मुलगा खूश होता. मी मात्र बधिर होऊन बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर फळ्यावरचे दोन रकाने होते.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि पुढचे कित्येक महिने वाचत राहिले. जे वाचलं ते थोडक्यात सांगते, कारण ते आमच्या पुस्तकात असायला हवं होतं.

मोटार जन्माला आली तीच मुळी वाफेवर. १७६९ साली फ्रान्समध्ये निकोला-जोसेफ क्युन्यो नावाच्या लष्करी इंजिनिअरनं तोफा ओढायला तीन चाकांची वाफेची गाडी केली. पुढच्याच एका चाकावर केवढं तरी बॉयलर लटकवलेलं. वेग माणसाच्या चालण्याइतका, आणि दर पंधरा मिनिटांनी वाफ संपायची की थांबून पुन्हा तापवायचं. त्याची १७७० सालची गाडी पॅरिसच्या संग्रहालयात आजही उभी आहे. म्हणजे पानिपतानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांनी जगात मोटार होती, आणि ती वाफेची होती. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ ची. तिच्याआधी ऐंशीहून अधिक वर्षं.

१८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड ट्रेव्हिथिकनं माणसं बसवून वाफेची गाडी चढावर चालवली. रूळ नाहीत, साधा रस्ता. काही दिवसांनी ती बिघडली, मंडळी ती छपराखाली लावून खाणावळीत जेवायला गेली, आग विझवायची राहिली, पाणी आटलं आणि गाडी जळून गेली. आमच्या क्षेत्रातही असं होतं. शुक्रवारी संध्याकाळी.

मग इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला की अशा गाडीच्या पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे. वेगाची मर्यादा गावात ताशी दोन मैल, बाहेर चार. बैलगाडी बरी.

आता यातला आपल्याकडचा भाग. आज या सभागृहात वर पाहिलंत तर पंख्यावर कदाचित 'क्रॉम्प्टन' हे नाव असेल. नसेल तर घरी जाऊन पाहा, एका तरी पंख्यावर सापडेल. हे एका माणसाचं आडनाव आहे. रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन. विजेच्या धंद्यात पडण्याआधी तो इंग्रजी फौजेतला तरुण अधिकारी होता, हिंदुस्थानात नेमणुकीवर, आणि त्याला एकच वेड होतं: रस्त्यावर वाफेची गाडी चालवायची. शाळेत असतानाच त्यानं स्वतःची वाफेची गाडी बांधायला घेतली होती, नाव 'ब्लूबेल'. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याला उचलून धरलं, आणि १८७० च्या सुमारास सरकारी खर्चानं 'गव्हर्नमेंट स्टीम ट्रेन' सुरू झाली. नाव ट्रेन, पण रूळ नाहीत. टॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं तयार केलेली, जाड रबरी धावांच्या चाकांची वाफेची इंजिनं पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर मागे गाड्या जोडून धावत होती. एक इंजिन चिनाब, एक रावी. म्हणजे आठवीतली मी जे म्हणाले की कोळसा टाकायचा तर रूळ लागतील, ते त्याच्या एकशेवीस वर्षं आधीच आपल्याच देशात खोटं ठरलेलं होतं. आणि इतकं लांब जायचीही गरज नव्हती. रस्ता दाबायचा जुना वाफेचा रोलर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे रस्त्याच्या कडेला गंजत पडलेला पाहिला आहे, त्यावर चढून खेळलोही आहोत. तो रस्त्यावरच चालायचा. पण तो फळ्यावर नव्हता.

स्टॅन्ली हे दोघे जुळे भाऊ. फ्रान्सिस आणि फ्रीलन. दिसायला सारखे, दाढ्या सारख्या. फोटोच्या काचा बनवण्याच्या धंद्यात पैसा केला आणि १८९७ साली हौसेनं पहिली वाफेची मोटार बांधली. १८९९ मध्ये फ्रीलन आणि त्यांची पत्नी फ्लोरा अशी दोघं मोटारीनं माउंट वॉशिंग्टन या डोंगराच्या माथ्यावर गेली. तिथवर मोटार नेणारी ती पहिलीच. १९०० साली अमेरिकेत एकूण ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या, आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. हा आकडा मी दोनदा वाचला. मोटार म्हटलं की पेट्रोल, हे समीकरण तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर होतं. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रकाठच्या वाळूवर फ्रेड मॅरियटनं स्टॅन्लीची गाडी ताशी १२७.६६ मैलांनी पळवली, म्हणजे २०५ किलोमीटर. वाफेच्या मोटारीचा हा विक्रम मोडायला २००९ साल उजाडावं लागलं.

मग एवढी चांगली गाडी गेली कुठे? मला इंजिनिअर म्हणून या प्रश्नात सगळ्यात जास्त रस होता. ती वाईट होती म्हणून गेली नाही. ती सकाळी अर्धा तास मागायची म्हणून गेली. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावं लागायचं, त्यात मनगट मोडायचं, तोवर लोक वाफेसाठी अर्धा तास थांबायला तयार होते. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणला. खेळ तिथे संपला. शिवाय स्टॅन्लीची जुनी गाडी वाफ हवेत सोडून द्यायची, त्यामुळे पन्नास-साठ किलोमीटरला पाणी भरावं लागे. ते लोक रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदातून भरायचे. १९१४ साली तिकडे जनावरांत लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली आणि ते हौदच बंद केले गेले. स्टॅन्लीनं मग वाफ थंड करून परत पाणी करणारी जाळी बसवली, पण तोवर फोर्डची स्वस्त गाडी घरोघर पोचली होती. १९२४ मध्ये स्टॅन्लीची मोटार बंद झाली. खुरकुतानं मोटारीचा धंदा बुडायला हातभार लावला, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो हसणार नाही. त्याला पटेल.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, आता माफी मागायला हरकत नाही. वर्गाच्या ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला. तो सिंदेवाहीतच होता, मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं. स्टॅन्ली, क्युन्यो, क्रॉम्प्टन. म्हटलं, तू बरोबर होतास, मोटार वाफेवर चालते. तुझ्या आजोबांची गाडी अशीच कोणत्या तरी साहेबाची असणार.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "तसा बंब नोहता तिले. तू अजून बी नीट विचारून नाई रायली."

हे मला फार लागलं. कारण खरं होतं. आमच्या कामात ग्राहक फोन करून सांगतो, 'तुमचा सर्व्हर बंद आहे'. सर्व्हर बंद नसतो. नवा मुलगा असेल तर तो ग्राहकाला सांगतो, सर्व्हर चालू आहे, आणि फोन ठेवतो. जुना माणूस विचारतो, तुम्हाला पडद्यावर नेमकं काय दिसतंय? मी ही गोष्ट माझ्या हाताखालच्या मुलांना दरवर्षी शिकवते. आणि आठवीत आणि त्या फोनवर, दोन्ही वेळा, मी नवा मुलगा होते. पहिल्यांदा त्याला खोटं ठरवायच्या घाईत, दुसऱ्यांदा त्याला खरं ठरवायच्या.

मग मी नीट विचारलं. आणि गेल्या दिवाळीत जाऊन पाहिलं.

आजोबा मोटारीचे मालक नव्हते, ड्रायव्हरही नव्हते. सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते, वय पंधरा-सोळा. मूल ते नागभीड, मध्ये आपली सिंदेवाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे दिवस, आपला जिल्हा तेव्हा चांदा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचं तेल बंद झालं. पेट्रोल आधीच कुपनावर होतं, ते आणखी आटलं. मोटारी उभ्या राहिल्या. तेव्हा देशभरात खाजगी मोटारवाल्यांनी मोटारीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी पत्र्याचा उंच पिंप बसवला. त्यात लाकडी कोळसा. चांद्याच्या जंगलात कोळशाला काय तोटा.

आता या पिंपात पाणी उकळून वाफ करायची नसते. कोळसा पेटवायचा, पण त्याला हवा मुद्दाम कमी द्यायची. चुलीत हवा कमी पडली की धूर होतो, तसा तो कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू स्वतः जळतो. तो नळ्यांतून थंड करत, काथ्या नाहीतर कापडाच्या गाळणीतून राख गाळत, थेट पेट्रोलच्या इंजिनात सोडायचा. इंजिन तेच, सिलिंडर तेच, ठिणगी तीच. फक्त पेट्रोलच्या जागी कोळशाचा वायू. इंग्रजीत याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. एका लिटर पेट्रोलचं काम सव्वा-दीड किलो कोळशात व्हायचं. जर्मनीत युद्ध संपेपर्यंत अशी पाच लाखांच्या आसपास वाहनं होती, ती बहुतेक लाकडावर. म्हणजे रकाना अंतर्ज्वलनाचाच. आमचा मित्र चुकला असेल तर एका शब्दापुरता.

पण थांबा. त्या पिंपाच्या अंगाला एक लहान टाकी होती, पाण्याची, आणि तिला एक तोटी. मोटार चालू असताना तीतून पाणी थेंबथेंब खालच्या निखाऱ्यांकडे सोडायचं. कशाला? लालभडक कोळशावर पाणी पडलं की त्याची वाफ होते, आणि ती वाफ कोळशाशी संयोग पावून हायड्रोजन आणि आणखी कार्बन मोनॉक्साइड देते. दोन्ही जळणारे. वायूचा दम वाढतो आणि निखाऱ्याची जाळी वितळत नाही. पाणी जास्त सोडलं तर आग विझते, म्हणून थेंबानंच. "थेंबानं वाफ किती होणार?" या माझ्या प्रश्नाचं उत्तर असं होतं की हवी तेवढीच.

त्यांना कोणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं. कोळसा टाकला, पाणी टाकलं, मोटार चालली, म्हणून तिचं नाव वाफेची मोटार. नाव ठेवायला माणसाला हक्क असतो. आपल्या शेजारच्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या भाताला हातातल्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. म्हणून तो भात काही टिकटिक करत नाही.

आजोबांचं काम पहाटे सुरू व्हायचं. पिंप भरायचा, खालून पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटं फिरवल्यावर वायू येतो. आला की नाही हे बघायला तोंडाशी काडी धरायची. निळी ज्योत धरली की मालकाला हाक मारायची. गाडीची ताकद तिसऱ्या हिश्शानं तरी कमी झालेली असे, त्यामुळे चढ आला की उतारू खाली. राजोलीच्या पुढे कुठेतरी सगळे उतरून ढकलायचे, आणि ढकलताना पिंपाला हात लागून भाजायचा. आजोबांच्या उजव्या तळहाताला तो डाग शेवटपर्यंत होता. गाडीच्या मागे वाऱ्याच्या दिशेला बसलेल्या बाया भोवळ येऊन पडायच्या, कोणाला कारण कळायचं नाही. कारण हाच वायू, जो इंजिन चालवतो आणि माणसाचं रक्त गोठवल्यासारखं करतो. आजोबांनी ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं: पंखा फिरवताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं.

युद्ध संपलं, पेट्रोल आलं, पिंप काढून टाकले. मालकानं एक पिंप पगाराच्या शिलकीत आजोबांना दिला. तो त्यांच्या अंगणात होता. खाली जाळी, मधे निमुळता, वर झाकण, अंगाला तोटीचं भोक. आमचा मित्र लहान असताना त्यात आंघोळीचं पाणी तापवायचे, म्हणजे पुढे त्या पिंपाचा खरोखरच बंब झाला. आणि तो आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होता. आमच्यापैकी कोणीही, त्या आठवड्यात, मधल्या सुटीत जाऊन पाहू शकलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यानं दिवाळीत सांगितली. सरांनी आकृती आणायला सांगितली होती ना, ती त्यानं काढली होती. आजोबांना समोर बसवून, कंपासपेटीतल्या पट्टीनं. पिंप, जाळी, तोटी, गाळणी, नळी, बाणांनी वायूची वाट दाखवलेली. सर जनगणनेहून परत आल्यावर दाखवू म्हणून रोज दप्तरात न्यायचा. मग म्हणे राहूनच गेलं. वही आता नाही. मी त्याला परत काढून मागितली. त्यानं दुकानातल्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत काढली. मी ती नंतर फलटणच्या निंबकर संस्थेसारख्या ठिकाणी पाचटापासून वायू करण्याच्या यंत्रांबद्दल जे छापून आलंय त्याच्याशी ताडून पाहिली. भाग तेच, क्रम तोच. ती आकृती या स्मरणिकेत या भाषणाशेजारी छापावी अशी मी संपादकांना विनंती केली आहे. खाली त्याचं नाव द्यायचं, खरं. या भाषणात त्यानं नाव घेऊ दिलं नाही. "तूच बोल, मले तितं बसून ऐकायचं हाय," म्हणाला. तो आत्ता शेवटच्याच रांगेत बसला आहे. बाकं गेली, खुर्च्या आल्या, जागा तीच.

मित्रा, आठवीच्या वर्गासमोर बोलले होते, म्हणून आज वर्गासमोरच सांगते. मी चुकले. दोनदा. ते नावही माझं होतं. तुझ्या आजोबांना आम्ही सगळ्यांनी लबाड ठरवलं आणि ते घरी जाऊन तू त्यांना सांगितलं असशील का, हा प्रश्न मी दिवाळीत तुला विचारू शकले नाही. आजही विचारत नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही सांगितलेला गृहपाठ झाला आहे, तपासायचा राहिला आहे.

आता एक सूचना. त्या पिंपाची खालची जाळी गंजून गेली होती. आमच्या मित्रानं ती नवी वळवली, पंखा एका जुन्या भात्यावरून केला, गाळणीला काथ्या भरला. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी तो एकदा पेटवून पाहिला. पहिल्यांदा नुसताच पांढरा धूर. मी म्हटलं, ओला कोळसा असेल. तो म्हणाला, "तू पंखा मार, बोलू नको." अकराव्या मिनिटाला काडी धरली तर ज्योत धरली. दिवसाउजेडी ती नीट दिसत नाही, म्हणून हात आडवा धरून बघावं लागतं.

पिंप बाहेर मैदानात, आंब्याखाली ठेवलाय. जेवणं झाली की पेटवू. पंखा फिरवायला आळीपाळीनं चौघं तरी लागतील, शिट्टी वाजवणाऱ्यांना आधी बोलावलं जाईल. लहान मुलांना जवळ आणू नका आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला कोणी उभं राहू नका. पाण्याची तोटी त्याच्या हातात राहील.